न मिळालेल्या पुरस्काराचा खुलासा

डब्यात शेंगदाण्याचे लाडू सात होते, हे मच्छिंद्र तळेकर सरांना पक्कं माहीत होतं. श्रावणी सोमवारचा उपास करणारा माणूस दिवसभर महादेवापेक्षा डब्याचाच विचार जास्त करतो, आणि सरांनी तर शाळेत दोन तास त्या लाडवांच्या भरवशावरच काढले होते. संध्याकाळी घरी येऊन हात-पाय धुऊन त्यांनी मोठ्या भक्तिभावानं डबा उघडला. आत बोटभर कूट होतं.

"नंदिनी, लाडू कुणी खाल्ले?"

राजनंदिनी ही सरांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. शिकायची सगळं, पण आपल्या सवडीनं. ती पलंगावर मांडी घालून बसली होती. हनुवटीला गूळ, फ्रॉकवर दाणे. तिनं बापाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "आजीनं."

आजी म्हणजे सरांच्या आई उषाबाई. त्या पंधरा दिवसांपासून टेंभुर्णीला होत्या.

सर हादरले. लाडवांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण ही तीच पोरगी, जिनं दारात आलेल्या विमा एजंटाला सांगितलं होतं, "बाबा मोरीत आहेत. घरी न्हाई म्हणून सांग म्हणले." शेजारच्या गिरिजाबाईंना तिनं भर हळदीकुंकवात सांगितलं होतं की, तुमचा चिवडा आई गाईला घालते. भोकरदनच्या त्या अख्ख्या कॉलनीत खरं बोलणारं माणूस एकच होतं आणि लोक त्याला टरकून असत. शिवाय सर शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचे. उपाशीपोटी त्यांनी नंदिनीला सत्याचं महत्त्व अर्धा तास समजावलं. नंदिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "आजीनं."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दर मंगळवारी प्रीती मॅडम घरी येत. त्या विशेष शिक्षिका; नंदिनीला बोलायला, मोजायला, मणी ओवायला शिकवत. सरांनी खालच्या आवाजात, घरात चोरी झाल्यासारखं, त्यांना सगळं सांगितलं. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

"अहो सर, अभिनंदन!"

"कशाचं?"

"खोटं बोलली ती! आपल्या मनात एक आहे, समोरच्याच्या मनात दुसरं घालता येतं, हे कळल्याशिवाय माणसाला खोटं बोलताच येत नाही. बाकीची लेकरं चौथ्या वर्षापर्यंत हे शिकतात. हिनं आता गाठलं. खूप मोठा टप्पा आहे हा."

सरांची बायको शालू दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. सरांना वाटलं रडते, पण ती हसत होती. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "पेढे आणा. एक किलो. सगळ्या कॉलनीत वाटायचे."

"काय सांगून वाटायचे?"

"जे झालं ते सांगून."

सरांनी पेढे आणले. नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारण होतं, पण धाडस नव्हतं.

पहिलं दार गिरिजाबाईंचं. गिरिजाबाई म्हणजे कॉलनीचं टपाल खातं. फरक इतकाच, की त्यांच्याकडून काही गहाळ व्हायचं नाही. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"या सर. पेढे? कशाचे हो?"

सरांनी रस्त्यानं एक वाक्य जुळवलं होतं. 'नंदिनीच्या प्रगतीप्रीत्यर्थ.' ते ओठावर आलं आणि तिथंच बसलं. प्रगती म्हटली की गिरिजाबाई विचारणार, कसली. मग सांगावं लागणार. नऊ वर्षांची पोरगी, खोटं बोलली, त्याचे पेढे. आणि बाप मूल्यशिक्षणाचा मास्तर.

"एक... आनंदाची गोष्ट आहे," सर म्हणाले.

"पुरस्कार भेटला का काय?"

सरांनी मान हलवली. आता, ही मान होकाराची होती की नुसतीच हलली, यावर पुढं त्यांनी स्वतःशी बराच वाद घातला. पण गिरिजाबाईंना शंका नव्हती.

"आदर्श शिक्षक?"

मान पुन्हा हलली.

"सरकारी का संस्थेचा?"

"संस्थेचा," सर म्हणाले. सरकारी म्हटलं असतं तर चौकशी होईल, एवढी अक्कल अजून शाबूत होती.

"कोणती संस्था?"

ओट्याच्या कोपऱ्यात बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती. तिच्यावर कणसाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'धनधान्य'. सर म्हणाले, "धनधान्य प्रतिष्ठान."

"हां हां," गिरिजाबाई म्हणाल्या, जसं काही त्या तिथं रोज जातात. "मोठी संस्था आहे."

पुढच्या एकवीस घरांत सरांना तोंड उघडावं लागलं नाही. ते पोचायच्या आधी बातमी पोचली होती. लोक दारातच हात जोडून उभे होते.

बुधवारी कॉलनीच्या ग्रुपवर फुलांचे चाळीस गुच्छ पडले. गुरुवारी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला फ्लेक्स लागला. फ्लेक्सवरचा फोटो कुणीतरी सरांच्या साल्याच्या लग्नातून काढला होता, त्यामुळं आदर्श शिक्षकाच्या डोक्याला फेटा, कपाळावर शेजारच्या नवरदेवाच्या मुंडावळीची एक लोंबती झालर आणि खांद्यावर कुणाचा तरी तुटलेला हात होता. खाली ओळ: 'रविवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या पारावर भव्य नागरी सत्कार.' सर शाळेला मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

पण शाळेत बद्रीनाथ बोराडे सर होते. बोराडेंनी आजवर अकरा पुरस्कारांना अर्ज केले होते. त्यांची एक फाईल होती, तीत वृक्षारोपणाचे फोटो, पालकांची शिफारसपत्रं आणि एका आमरस पार्टीचं निमंत्रण होतं. ते का, हे त्यांनाही आठवत नव्हतं. मधल्या सुट्टीत ते फाईल घेऊन आले आणि पडेल आवाजात म्हणाले, "तळेकर सर, मला पत्ता तरी द्या धनधान्यचा. अर्ज छापील असतो का साध्या कागदावर चालतो?"

"त्यांचं... अर्ज लागत नाही. ते आपलं काम बघून देतात."

बोराडेंनी फाईल मिटली. "काम बघून," ते म्हणाले, आणि फळ्याकडं बघत बसले. तळेकर सरांना त्या दिवशीचा डबा गेला नाही.

शुक्रवारी मुख्याध्यापकांचं पत्र हातात पडलं. 'आपण बाहेरील संस्थेचा पुरस्कार शाळेच्या पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारल्याचे कॉलनीतील फलकावरून निदर्शनास आले आहे. सबब तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' सर धावत लिपिक भारत साळवे यांच्याकडं गेले. साळवे म्हणजे नियमांचं पुस्तक. फक्त उघडलं की धूळ उडायची.

"साळवे, खरं सांगतो. मला कोणताच पुरस्कार मिळालेला नाही."

साळवेंनी चष्म्यावरून पाहिलं. "असं म्हणून कसं चालंल? पुरस्कार घेतला असंल, तर संस्थेचं पत्र जोडा. न्हाई घेतला, तर न दिल्याचं पत्र जोडा."

"ते कुणाचं?"

"संस्थेचंच. ज्यांनी दिला न्हाई त्यांनीच लिहून द्यावं लागंल ना. बिलकुल सोपं आहे."

सर घरी पोचेपर्यंत तिथं वेगळीच वीज पडली होती. शालू त्या आठवड्यात फार खुशीत होती. वाटेत बायका हात धरून म्हणायच्या, "केवढं नाव काढलं! आमच्या घरात कुणाला जमलं न्हाई." शालू म्हणायची, "नऊ वर्षं वाट बघितली हो." त्या म्हणायच्या, "खरंय, उशिरा का होईना, कदर झाली." शालूला 'कदर' शब्द जरा चमत्कारिक वाटला, पण लोक चांगलं बोलत होते, तिनं सोडून दिलं. शुक्रवारी संध्याकाळी ती नंदिनीला घेऊन दळण आणायला कोपऱ्यावर गेली. नंदिनीनं वर बोट दाखवलं. "बाबा. टोपी."

सर घरी आले तेव्हा शालू दळणाच्या डब्यापाशीच बसली होती.

"तुम्ही लोकांना काय सांगितलं?"

"मी काहीच सांगितलं नाही. गिरिजाबाईंनीच..."

"तेच. तुम्ही काहीच सांगितलं न्हाई."

"अगं, पोरगी खोटं बोलली म्हणून पेढे, असं कसं सांगणार चारचौघांत? लाज वाटते."

"कशाची? ती खोटं बोलली याची?" शालूचा आवाज चढला नाही. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. "बसायला लागली तवा म्हणले, उभी राहू दे, मंग वाटू. उभी राहिली तवा म्हणले, चालू दे. चालली तर म्हणले, नीट चालू दे. नऊ वर्षांत या घरातून एक पेढा बाहेर गेला न्हाई. पहिल्यांदा गेला, तर तोबी तुम्ही स्वतःच्या नावावर घेतला."

सरांनी तोंड उघडलं. वर्गात पोरांना ते नेहमी म्हणायचे की, उत्तर येत नसेल तर गप्प उभं राहावं. ते गप्प उभे राहिले.

तरीही, माणसाचा स्वभाव मोठा चिवट. शनिवारभर सरांनी सत्याचा विचार केला आणि शेवटी त्यांना एक सोईस्कर युक्ती सुचली. सत्कारात सांगायचं, पुरस्कार मी नम्रपणे परत केला. खऱ्या शिक्षकाला पुरस्काराची गरज नसते, वगैरे. पुरस्कार परत, म्हणजे प्रश्न मिटला. खुलाशालाही तेच लागू. सरांनी न्हाणीघरात दोनदा भाषण म्हणून पाहिलं. चांगलं झालं होतं.

रविवारी पारावर सतरंज्या पडल्या. सव्वाशे माणूस होतं. शालू आली, पण पहिल्या रांगेत ठेवलेल्या खुर्चीवर बसली नाही. नंदिनीला घेऊन मागं, चपलांपाशी बसली. सरांना शाल झाली, नारळ झाला. गिरिजाबाई प्रास्ताविकात म्हणाल्या, "धनधान्य प्रतिष्ठाननं सगळ्या महाराष्ट्रातून एकच माणूस निवडला." हा तपशील सरांनाही नवा होता.

सर उभे राहिले. "मित्रहो, हा पुरस्कार मी नम्रपणे परत केला आहे."

पारावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की, पिंपळावरचे बगळे उठले. बोराडे सर उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अकरा वेळा अर्ज केलेला तो माणूस सतरंजी तुडवत आला, वाकला आणि त्यानं तळेकर सरांच्या पायांना हात लावला. "मी जळलो तुमच्यावर," तो म्हणाला. "चार दिवस झोपलो न्हाई. माफ करा."

सरांचे पाय जागच्या जागी आक्रसले. आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर, मागून एकच टाळी चालू राहिली. नंदिनीला टाळ्या वाजवायला फार आवडायचं. ती चपलांमध्ये उभी राहून, तोंडभर हसत, बापासाठी टाळ्या वाजवत होती. शालू तिला थांबवत नव्हती. ती सरांकडं बघतसुद्धा नव्हती.

"बोराडे, उठा," सर म्हणाले. "उठा हो. पुरस्कार नव्हताच."

"परत केला ना, माहीतंय."

"परत नाही केला. मिळालाच नाही. तशी संस्था नाही. ते बियाण्याच्या पिशवीवरचं नाव आहे." आता थांबलो तर पुन्हा काहीतरी सुचेल, याची त्यांना भीती वाटत होती. "पेढे माझ्या मुलीचे होते. ती पहिल्यांदा खोटं बोलली. तिच्यासारख्या मुलांना ते फार उशिरा जमतं, कित्येकांना जमतच नाही. मॅडम म्हणाल्या, मोठा टप्पा आहे. मला ते सांगायची लाज वाटली. म्हणून मी... म्हणजे तिनं एक खोटं सांगितलं आणि मी इतकी."

कुणाला काही नीट कळलं नाही. मागून एकानं विचारलं, "म्हणजे पुरस्कार पोरीला भेटला का?" दुसरा म्हणाला, "खोटं बोलल्याचे पेढे? आमच्या पोराचे तर ट्रक भरून वाटावे लागतील!" आणि मग सगळा पार हसला. सर शाल पांघरून, हातात नारळ धरून, सव्वाशे माणसांचं हसणं अंगावर घेत उभे राहिले. त्यांनी आयुष्यात पोरांना बाकावर उभं करायची शिक्षा पुष्कळ दिली होती; ती नेमकी कशी लागते, हे आज समजत होतं.

गिरिजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माईकपासून दूर झाल्या आणि सरांना म्हणाल्या, "माझ्या दारात उभं राहून का न्हाई सांगितलं?"

सरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"आमी हसलो असतो, हेच ना? हसलो असतो की. हसून पेढा खाल्ला असता आन् पोरीला घरात बोलावलं असतं. नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राह्यलो आपण. तुमी पोरीचं कधी काही सांगितलं न्हाई, म्हणून आमीबी कधी विचारलं न्हाई. आमाला वाटलं, तुमाला आवडत नसंल."

एवढं बोलून त्या मागं गेल्या, नंदिनीजवळ खाली बसल्या आणि तिच्याशी काहीतरी बोलू लागल्या. काय, ते सरांना ऐकू आलं नाही. नारळ कुणाला परत द्यायचा, हेही त्यांना कुणी सांगितलं नाही.

सोमवारी खुलाशाची मुदत संपत होती. सरांनी या खेपेला काही लपवलं नाही. 'माझी कन्या कु. राजनंदिनी हिने इतर मुलांपेक्षा बऱ्याच विलंबाने प्रथमच खोटे बोलल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ पेढे वाटण्यात आले. पुरस्काराची माहिती मी दिली असून ती असत्य आहे.' साळवेंनी कागद दोनदा वाचला. हसले नाहीत. हे त्यांचं मोठेपण म्हणा, किंवा सवय.

"'बऱ्याच विलंबाने' असं मोघम चालणार न्हाई, सर. उद्या ऑडिटला कुणी विचारलं तर? किती विलंब? आधीचे टप्पे कधी झाले? बसली कधी, चालली कधी, बोलली कधी. तारखा टाका."

सरांनी पेन उघडलं. शाळेचे एकूणएक दिवस त्यांच्या डोक्यात असत. घटक चाचणी कधी, निकाल कधी, पोषण आहाराचा तांदूळ कधी आला. ते कागदाकडं बघत राहिले. एकही तारीख आली नाही. महिनासुद्धा आला नाही.

"घरी विचारतो," ते म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन फोन लावला. शुक्रवारपासून शालू त्यांच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलत होती.

"नंदिनी बसायला लागली ती तारीख पाहिजे होती. खुलाशाला."

ती म्हणाली, "सोळा नोव्हेंबर. चौदा महिन्यांची होती. तुम्ही परतूरला ट्रेनिंगला गेल्ता."

सरांनी लिहिलं. "आणि चालली?"

"तेवीस नोव्हेंबर. चौथं वर्ष लागलं होतं. मोरीपासून पलंगापर्यंत. तुम्ही सहल घेऊन वेरूळला गेल्ता." वही बघितल्याशिवाय, एखादा पाढा म्हणावा तसं ती सांगत होती. "पहिला शब्द बोलली, अठरा मे."

"कोणता शब्द?"

"बाबा."

सरांचं पेन थांबलं. "मी कुठं होतो?"

"टेंभुर्णीला लग्नाला. दारात तुमच्या चपला होत्या. त्यांच्याकडं बोट करून म्हणाली."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणले, नीट बोलू दे आधी."

व्हरांड्यात सातवीची पोरं पाढे म्हणत होती. सरांनी फोन खांद्याला धरून कागद भिंतीवर टेकवला आणि तारीख लिहिली. मग थोडं थांबून त्यांनी वरच्या दोन्ही तारखांच्या पुढं आणि या तिसरीच्या पुढं, हजेरीपटावर लिहायची त्यांची वीस वर्षांची सवय होती त्या स्वच्छ अक्षरात, कंसात लिहिलं: 'वडील गैरहजर.' आत जाऊन त्यांनी कागद साळवेंपुढं ठेवला.

साळवेंनी वाचलं. शिक्का उचलला, तो थोडा वेळ तसाच हातात धरला आणि म्हणाले, "सर, हे कंसातलं खुलाशाला लागत न्हाई. खोडलं तरी चालंल."

"राहू द्या," सर म्हणाले.